कशावरून सर

कशावरून सरांना तुमचं लिहिलेलं पान पटलं नाही, तर ते त्या पानावर चहाचा कप ठेवत. तुमच्यासमोर, तुम्ही खुर्चीत बसलेले असताना. आधी शेवटच्या ओळीपर्यंत सावकाश वाचत, मग पान टेबलावर सरकवत, त्यावर कप टेकवत आणि म्हणत, "हं, पुढं." माझ्या पहिल्या शोधनिबंधाच्या निम्म्याहून जास्त पानांवर असे तपकिरी गोल उमटले होते. इतकी वर्षं झाली, आता सर नाहीत, तरी ते गोल आठवले की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

कशावरून हे अर्थातच त्यांचं खरं नाव नव्हे. जालन्यातल्या ज्या कॉलेजात ते समाजशास्त्र शिकवायचे, तिथल्या पोरांनी ठेवलेलं हे नाव. वर्गात कुणी काहीही म्हणो, सरांचा पहिला प्रश्न ठरलेला. "सर, खेड्यात अजून एकोपा आहे." "कशावरून?" "सर, शहरात माणूस माणसाला ओळखत नाही." "कशावरून? तू किती शहरांत राहून आलास?" पोरं हसायची, बोलणारा लाल व्हायचा. आमची नावं तर त्यांनी टाकूनच दिली होती. ज्याचं जे गाव, तेच त्याचं नाव. मी हसनाबादची, म्हणून मी हसनाबाद. माझ्याबरोबर संशोधन करणारा एक मुलगा आमच्याच भोकरदन तालुक्यातल्या धावड्याचा होता, तो धावडा. "ए धावडा, खिडकी लाव." आपलं साधं नाव लक्षात ठेवावं एवढीही आपली लायकी या माणसाला वाटत नाही, याचाही मला संताप यायचा.

ऐंशीच्या दशकाची ती शेवटची वर्षं. मी एम.ए. होऊन त्याच कॉलेजात तासावर शिकवत होते आणि जुन्या जालन्यात एका कापडाच्या दुकानावरच्या खोलीत भाड्यानं राहत होते. तासावर म्हणजे शिकवलं तर पगार, सुट्टी लागली की हात हलवत गावी. त्या वर्षी समाजशास्त्राची एक कायम जागा भरायची होती. प्राचार्यांनी मला सरळ सांगितलं, "दिवाळीनंतर मुलाखती आहेत. आपल्या विषयाच्या परिषदेनं तुमचा शोधनिबंध स्वीकारल्याचं पत्र आणा, नाहीतर जागा बाहेरच्याला जाईल." परिषदेला निबंध पाठवायचा तर मार्गदर्शकाची सही लागायची, आणि माझे मार्गदर्शक कशावरून सर. म्हणजे माझी नोकरी त्यांच्या पेनात अडकलेली. घरी दादांनी, माझ्या वडलांनी, आधीच बजावून ठेवलं होतं, "औंदा नोकरी लागली तर बराबर. न्हाई तर मी स्थळं बघायला घेतो."

विषय मी माझ्या घरचाच घेतला होता. सावड. आज तुझे बैल माझ्या रानात, उद्या माझे तुझ्या रानात. ज्याच्यापाशी एकच बैल, त्यानं दुसऱ्या एकबैल्याशी जोडी जुळवायची आणि दोघांनी मिळून दोघांची पेरणी उरकायची. पैशाचा संबंध नाही. लहानपणापासून हे बघत आलेली मी, मला वाटलं, यात मला कोण काय शिकवणार? उन्हाळ्याच्या सुट्टीत हसनाबादला गेले, प्रश्नांचे कागद घेऊन घरोघर फिरले, आणि लिहिलं की आमच्या भागात सावडीची प्रथा आजही जोमानं टिकून आहे. अक्षर सुरेख काढलं होतं. फुलस्केप कागद नवे होते.

निबंध घेऊन मी सरांच्या माडीवरच्या घरी गेले. सरांनी पहिलं पान वाचलं. कप ठेवला. दुसरं वाचलं. कप उचलून त्याच्यावर ठेवला. "हा शोधनिबंध न्हाई, ही गावाची आरती आहे," ते म्हणाले. "हे बहुतेक शेतकरी, बहुतेक शेतकरी म्हणून राह्यलीस, ते कोण आहेत? तुला भेटले का कधी?"

"सर, मी स्वतः विचारून आले."

"ते खरं बोलले कशावरून?"

"खोटं कशाला बोलतील? माझ्या गावचे लोक आहेत."

सर हसले. त्यांचं हसणं बोलण्यापेक्षा वाईट होतं. "विचारायला गेल्तीस तेव्हा सोबत कोण होतं?"

"दादा होते. माझे वडील."

"मंग ही उत्तरं तुझ्या वडलांना दिलेली आहेत. तुला कुणी काही सांगितलेलंच न्हाई. घेऊन जा हे सगळं."

मी पानं गोळा केली आणि बाहेर पडले. डोळ्यांत पाणी होतं ते रागाचं होतं, हे कुणाला सांगूनही पटलं नसतं. पोरगी एकटी गावभर कशी फिरेल, म्हणून वडील सोबत आले, यात माझं काय चुकलं? आमच्याकडं बाईमाणूस असंच फिरतं. पुण्यामुंबईच्या पुस्तकातून शिकलेल्या माणसाला काय कळणार ते! शब्द तरी सरळ वापरायचा. आरती म्हणे.

अशा वेळी मी खोलीवर जात नसे. थेट मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, जायचे. तिथं पोती पडण्याचा, हमालांच्या हाकांचा, रिक्षांचा एवढा गलका असायचा की चालता चालता सरांना तोंडभर शिव्या दिल्या तरी कुणाला ऐकू जात नसत. त्या पुरेशा देऊन झाल्या की खोलीवर येऊन एक कागद घ्यायचा आणि सर जे जे बोलले ते सगळं, एक शब्द न गाळता, लिहून काढायचं. मग त्यातला पाणउतारा तेवढा खोडायचा. आई सुपात ज्वारी घेऊन पाखडायची तसं. आरती खोडली, हसणं तर लिहिलंच नव्हतं. शेवटी कागदावर एखादा प्रश्न उरायचा. त्या दिवशी उरला तो असा, की वडील सोबत असताना लोक दुसरं काय सांगणार होते? मला फार राग आला, कारण प्रश्न बरोबर होता.

धावड्याला हे पाखडणं जमलं नाही. तो माझ्यापेक्षा हुशार होता, हे मी आजही कुणाहीपुढं सांगेन. डोंगरकडेच्या गावांतल्या मिरचीच्या शेतीवर तो लिहीत होता. एकदा त्याचं प्रकरण वाचून सर म्हणाले, "तुझ्या हातात पेनापेक्षा खुरपं बराबर दिसलं असतं." धावड्यानं पानं गोळा केली. खाली उतरल्यावर मला म्हणाला, "माझ्या मायनं आयुष्यभर खुरपं धरलं म्हणून मी इथं आल्तो. आता न्हाई येत बाबा." आणि खरंच आला नाही. पुढं त्यानं भोकरदनला बी-बियाण्यांचं दुकान टाकलं. मी सरांना सांगितलं, सर, धावड्यानं सोडलं. सर म्हणाले, "ज्याला सोडायचं तो सोडतो." एवढंच. पाणउतारा सहन झाला तरच माणूस अभ्यासाच्या लायक, हा कुठला नियम? लिहिता येणं वेगळं आणि अपमान गिळता येणं वेगळं. हे मी त्यांना तेव्हा म्हणायला पाहिजे होतं, पण तेव्हा माझी सही अडकलेली होती.

श्रावणात मी पुन्हा हसनाबादला गेले. या वेळी दादांना म्हटलं, मी एकटी फिरते. दादांना ते लागलं. "कामून? माझ्यासंगं फिरायची लाज वाटून राह्यली का?" आई मधे पडली म्हणून निभावलं. मी बायांबरोबर निंदणीला गेले, पाणवठ्यावर बसले. शेवंता मावशी आमच्या शेजारच्या रानातल्या. त्यांचे मालक रामा काका आणि दादा यांची कितीक वर्षांची सावड. उन्हाळ्यात दादांच्या देखत रामा काकांनीच सांगितलं होतं, "हाय ना, सावड बिलकुल चालू हाय." आता मावशी गवत उपटता उपटता म्हणाल्या, "कशाची सावड अन् कशाचं काय माय. तुझ्या दादानं टॅक्टर घेतला, बैल इकले. आमचा एक बैल एकलाच राह्यला. एकल्या बैलाला कोण विचारतं? आम्ही बी इकला."

मी त्यांच्याबरोबर गवत उपटत राहिले. मग एकेका घरी तेच निघालं. आमच्या ट्रॅक्टरनंतर दुसरा आला, तिसरा आला, आणि बैल असलेल्यांना जोडीदार उरेनात. आमच्या घरच्या ज्या ट्रॅक्टरला मी स्वतः हळदकुंकू लावलं होतं, तिथून सावड मोडायला सुरुवात झाली होती. आणि मी तीच जोमानं टिकून असल्याचं लिहून मोकळी झाले होते.

निबंध नव्यानं लिहिला. प्रथा मोडत चालली आहे असं लिहिलं, कशानं मोडली तेही लिहिलं. फक्त एके ठिकाणी लिहिलं, 'काही मोठ्या शेतकऱ्यांनी यंत्रे घेतल्यामुळे.' सर वाचत गेले, पानामागून पान बाजूला ठेवत गेले, कप जागचा हलला नाही. मला वाटलं, सुटले. मग ते त्या ओळीशी थांबले.

"पहिला ट्रॅक्टर कुणाचा?"

मी पुढचं पान सरकवलं.

"हसनाबाद, मी विचारून राह्यलो. गावात पहिला ट्रॅक्टर कुणी आणला?"

"आमच्या घरी आला, सर."

सरांनी कप उचलला आणि त्या ओळीवर ठेवला. "मंग हे 'काही' कोण? दुसऱ्याच्या बापाबद्दल लिहिलं असतंस तर असं लिहिलं असतंस का? लिही, लेखिकेच्या घरचा. ते न्हाई लिहिलं तर बाकीच्यावर कुणी कशासाठी विश्वास ठेवावा?"

आता माझा तोल गेला. मी म्हटलं, "सर, ते माझे वडील आहेत. गावात मान आहे त्यांचा. छापून आल्यावर लोक त्यांना काय म्हणतील? तुम्हाला काय, तुम्ही इथं बसून कप ठेवणार. घरी तोंड मला दाखवायचंय." मी एवढ्या मोठ्या आवाजात बोलले की सरांच्या मिसेस, त्यांना आम्ही बाई म्हणायचो, स्वयंपाकघरातून दारापर्यंत आल्या. सर जरासुद्धा चिडले नाहीत. म्हणाले, "तोंड दाखवायचं म्हणून जे लिहायचं, ते लग्नपत्रिकेत लिहितात. सही पाहिजे तर हे वाक्य सरळ करून आण. न्हाई तर राहू दे. चहा घे, गार होऊन राह्यला."

या माणसाकडं जाणाऱ्याला चहा मात्र आधी मिळायचा. पाणउतारा त्यानंतर. आणि अन्याय नको म्हणून हेही सांगते, की त्या काळी विद्यार्थ्याच्या निबंधावर स्वतःचं नाव वरती चढवणारे मार्गदर्शक पुष्कळ होते. सरांनी तसं कधी केलं नाही. दिलेली पानं दोन दिवसांच्या वर ठेवून घेतली नाहीत, आणि एक ओळ न वाचता सोडली नाही. माझं लिहिलेलं इतक्या नीट पुढं कुणीही वाचलेलं नाही. म्हणून तर राग जास्त यायचा, कारण न वाचता टीका करणाऱ्याला विसरून जाता येतं.

वाक्य मी सरळ केलं. पण ते दादांना न सांगता छापायला पाठवणं मला जमेना. गणपतीत घरी गेले आणि ओसरीवर त्यांना तो भाग वाचून दाखवला. दादा ऐकत राहिले. संपल्यावर म्हणाले, "यासाठी शिकवलं व्हय तुला?" आणि उठून रानात गेले. त्यानंतर माझ्याशी बोलले नाहीत. मी जालन्याहून दुसऱ्यांदा घरी आले तेव्हाही नाही. आई जेवायला वाढायची, आम्ही दोघं समोरासमोर बसून मुक्यानं जेवायचो. परिषदेची मुदत जवळ येत होती. निबंध तयार होता, सरळ केलेल्या वाक्यासह, आणि मी तो सरांकडं न नेता पिशवीत घेऊन फिरत होते. त्या दिवसांत सरांना मी जेवढे शिव्याशाप दिले तेवढे कुणालाच दिले नसतील. एका ओळीसाठी माझ्या घरात अबोला आणून ठेवला होता त्यांनी.

दसऱ्याला सोनं द्यायला घरी गेले. दादांच्या हातात आपट्याची पानं ठेवून पाया पडले. दादांनी पानं कपाळाला लावली, खिशात ठेवली आणि म्हणाले, "बस. रामाचं लिहिलं, आता माझं बी लिहून घे."

मी तिथंच बसून लिहून घेतलं. "गडी मिळंना, कडबा मिळंना, बैल कसे सांभाळू? टॅक्टर आणला त्याच दिवशी रामाला म्हणलं, तुझं रान मी फुकट नांगरून देतो. तर त्यो आला न्हाई. म्हणला, बैल असता तर फेडलं असतं, आता फेडू कशानं? मी त्याला तोडलं न्हाई माय. त्यालाच फुकट नको व्हतं."

ते मी जसंच्या तसं निबंधात घातलं. सावड म्हणजे नुसती मदत नव्हे, परत करता येईल अशीच मदत, हे इतके महिने पुस्तकं चाळून मला सापडलं नव्हतं. ते दादांच्या तोंडून निघालं. सरांनी तो परिच्छेद दोनदा वाचला. मग पेन काढलं, सही केली आणि म्हणाले, "बराबर." कौतुकाचा तेवढा एक शब्द. मला वाटलं होतं, आपण खूश होऊ. पण मी जिना उतरताना मनात म्हणत होते, इतके महिने रडवून शेवटी एक शब्द! तोही काटकसरीनं!

परिषदेचं पत्र आलं. जागा मला मिळाली. दादांनी गावात पेढे वाटले, आणि निबंधाबद्दल कुणी विचारलं की सांगायचे, "माझं बी म्हणणं छापलंय त्यात."

पुढं सर निवृत्त झाले. आता मी कायमची प्राध्यापक, माझ्या हाताखाली विद्यार्थी. तेव्हा कुठं एक गोष्ट माझ्या ध्यानात आली, की ज्या माणसानं आमची पानंच्या पानं नापास केली, त्या माणसाचं स्वतःचं, जुना प्रबंध सोडला तर, एक पानही छापलेलं नाही. आणि विषय नव्हता असं कसं म्हणू? जुन्या जालन्याचा मोंढा त्यांच्याएवढा कुणाला माहीत नव्हता. वर्गात ते हातावर रुमाल टाकून दाखवायचे, की पूर्वी व्यापारी आणि अडते, म्हणजे शेतकऱ्याचा माल विकून देणारे दलाल, रुमालाखाली बोटं दाबून धान्याचा भाव कसा ठरवायचे. माल शेतकऱ्याचा, आणि शेतकरी समोर उभा राहून नुसता रुमाल बघायचा. आत काय ठरलं ते त्याला शेवटी कळायचं, तेही अडत्या सांगेल तेवढंच. सर हे सांगायला लागले की घंटा झाली तरी कुणी उठायचं नाही.

मी एका रविवारी त्यांच्या घरी जाऊन बसले आणि विचारलं, "सर, रुमालाच्या भावावर तुम्ही कामून लिहीत नाही?"

"लिहून राह्यलो," सर म्हणाले.

"कधीपासून?"

बाईच म्हणाल्या, "आमचं लग्न झालं तेव्हापासून." मग सरांनी आतून चार पानं आणली आणि, आयुष्यात पहिल्यांदा, स्वतःचं लिहिलेलं मला वाचून दाखवलं. मी ऐकत होते. असं मराठीत मोंढ्याबद्दल कुणी लिहिलेलं माझ्या वाचण्यात नाही. वाचता वाचता एक वाक्य आलं, 'काही अडत्यांनी या पद्धतीचा गैरफायदा घेतला.'

सर तिथंच थांबले. मला माहीत होतं, सगळ्या जुन्या जालन्याला माहीत होतं, की सरांच्या वडलांची मोंढ्यात अडत होती.

मला एवढा राग आला की मी वयाचा मान ठेवला नाही. "काही म्हणजे कोण, सर? माझ्या बापाचं नाव घालायला लावलंत. घरात अबोला झाला आमच्या. आणि तुमचे वडील 'काही'?"

बाई उठून आत गेल्या. सर पानं सारखी करत बसले. त्यांनी चिडावं, कशावरून म्हणावं, असं मला फार वाटत होतं. मग पानं खाली ठेवून ते म्हणाले, "तुझे वडील जिवंत होते, हसनाबाद. माझं बी म्हणणं लिही, म्हणाले. माझ्या वडलांचं म्हणणं मी कुणाला विचारू?"

"मग त्यांचं म्हणणं मिळालं नाही, असं लिहा. ते विचारायचं राहून गेलं, असं लिहा. पण लिहा, सर."

"बघू," सर म्हणाले.

त्यांनी लिहिलं नाही. दोन वर्षांनी ते गेले. शोकसभेत एकामागून एक जण उठून सांगत होता, सर दर्जाच्या बाबतीत किती कडक, स्वतःचं लिखाणही मनासारखं झाल्याखेरीज छापायला देत नव्हते. माना डोलत होत्या. भोकरदनहून धावडा आला होता, तो मागच्या रांगेत बसून ऐकत होता. मला कुणीतरी बोलायला उभं केलं. मी म्हटलं, "सर दर्जासाठी थांबले नव्हते. त्यांना लिहायला पाहिजे होतं आणि त्यांनी लिहिलं नाही. मला त्याचा राग आहे." आणि खाली बसले. सभेत चुळबुळ झाली. प्राचार्यांनी घाईनं पुढचं नाव पुकारलं.

मी सरांना क्षमा केलेली नाही. धावड्यासाठी नाही, आणि त्या न लिहिलेल्या निबंधासाठी तर नाहीच. रुमालाखाली काय चालायचं ते सांगू शकणारा माणूस आता जालन्यात उरला नाही. वडील रागावतात. माझे रागावले, महिनाभर मुक्यानं जेवले आणि दसऱ्याला बोलले. सरांचे वडील बोलणार नव्हते, हे मला कळतं. तरी लिहायला पाहिजे होतं.